शर्वीचं एकटं अक्षर

‘हा बदल असलेल्या जगातल्या ज्ञात व्यक्ती : एक.’

पडद्यावरची ही ओळ शर्वी मयेकर रोज सकाळी वाचायची. काल एक होती, परवा एक होती, आजही एकच. नऊशे कोटी माणसांच्या एवढ्या मोठ्या जगात एकच माणूस, आणि तो माणूस म्हणजे आपण! तुम्ही म्हणाल, केवढी मिरवण्यासारखी गोष्ट. पहिल्या दिवशी शर्वीलाही क्षणभर तसंच वाटलं होतं. मग कळलं, की या ‘एक’मुळेच तिला पाण्यात उतरायला बंदी आहे.

शर्वी जलशाळेत शिकत होती. जलशाळा म्हणजे किनाऱ्यापासून बरीच आत, समुद्रात नांगर टाकून उभी असलेली तरंगती शाळा. इथं गणित आणि भाषा नंतर, आधी पाणी. शाळेच्या बरोबर खाली प्रवाळांचा मळा होता. समुद्र तापत गेला तसे जुने प्रवाळ पांढरे पडून मेले होते, आणि आता शाळेतली मुलं रोज सकाळी बुडी मारून नवे लावत होती. प्रत्येकाच्या पहिल्या रोपाला एक पत्र्याची पट्टी बांधायची आणि तिच्यावर आपल्याला हवं ते नाव कोरायचं, अशी शाळेची रीत होती. कुणी आईचं नाव कोरलं होतं, कुणी मांजराचं. शर्वीची पट्टी खणात कोरीच पडली होती.

सकाळी सगळे धबाधब पाण्यात उड्या टाकायचे आणि शाळा रिकामी व्हायची. मग शर्वी तळमजल्याच्या गोल खिडकीशी जाऊन बसायची. काचेपलीकडून मित्रमैत्रिणी हात हलवायच्या. कुणी चिडवत नव्हतं, हेच जास्त वाईट होतं. चिडवलं असतं तर भांडता तरी आलं असतं. त्याऐवजी सगळे वर येताना तिच्यासाठी शिंपले आणायचे. शिंपल्यांनी खण भरला, आणि शर्वीला त्या खणाचा राग यायला लागला.

झालं असं होतं. शाळेत आल्यावर प्रत्येक मुलाची तपासणी होई. गालाच्या आतून थोडी थुंकी घ्यायची, आणि तिच्यातल्या पेशींमधून त्या मुलाचा जनुकसंच (शरीर कसं घडवायचं आणि चालवायचं याची पेशीपेशीत ठेवलेली संपूर्ण कृती) वाचायचा. ही कृती चारच अक्षरांत लिहिलेली असते, पण लांबी केवढी, तर तीन अब्ज अक्षरं! एवढं वाचून अर्थ लावायचा म्हणजे माणसाचा जन्म पुरायचा नाही. म्हणून ते काम ‘उकल’ करायची.

उकल म्हणजे कुणी बाई नव्हे. ती इंटरनेटवर राहणारी एक प्रणाली होती. जगातल्या कुठल्याही डॉक्टरनं तिच्याकडे एखाद्याच्या जनुकसंचाची माहिती पाठवावी आणि तिनं सांगावं, यातलं काय काळजीचं, काय बिनकाळजीचं. जलशाळेत ती मराठी बोलायची. आवाज शांत होता आणि स्वभाव सरळ. ठाऊक नसेल तर ‘ठाऊक नाही’ म्हणायची. मोठ्या माणसांना हे फारसं जमत नाही.

शर्वीच्या हृदयाच्या एका जनुकात (कृतीतला एका कामापुरता तुकडा) उकलला एक अक्षर वेगळं सापडलं होतं. निकाल आला : ‘अर्थ अनिश्चित.’ शाळेच्या डॉक्टर अर्शिया काझी, ज्यांना सगळी मुलं डॉक्टरताई म्हणत, त्यांनी हृदयाची सगळी चित्रं काढून बघितली. ठणठणीत. तरीही त्या म्हणाल्या, “शर्वी, आज ठणठणीत आहे. पण काही बदल असे असतात, की खोल पाण्यात, दाबाखाली हृदय अचानक चुकतं. हा तसा नाही, हे कळल्याशिवाय मी तुला उतरू देणार नाही.”

“आणि कळलंच नाही तर?”

डॉक्टरताईंनी खोटं सांगितलं नाही. “सत्र संपेपर्यंत नाही कळलं, तर तुला किनाऱ्यावरच्या शाळेत पाठवावं लागेल.”

शर्वीनं विचारलं, “बाबांचं हृदय असंच चुकलं असेल का?”

शर्वीचे बाबा, सुयोग मयेकर, ती अगदी लहान असताना मासेमारीला गेले होते. वारा नव्हता, लाट नव्हती. संध्याकाळी होडी सापडली, बाबा सापडले नाहीत. का, ते कुणालाच कळलं नाही. आईची तपासणी झाली तेव्हा तिच्यात ते अक्षर नव्हतं. म्हणजे एक तर ते बाबांकडून आलेलं, नाही तर शर्वीतच नव्यानं उगवलेलं. बाबांना विचारायची सोय नव्हती.

“मला माहीत नाही, बाळा,” डॉक्टरताई म्हणाल्या.

त्या दिवसापासून पडद्यावरचा तो ‘एक’ शर्वीला आकडा वाटेनासा झाला. रिकाम्या घरात आपलाच आवाज परत यावा, तसं तिला वाटायचं.

एका सकाळी खिडकीशी बसून ती म्हणाली, “उकल, तू बदल शोधतेस कशी, ते मला पहिल्यापासून सांग.”

“जगानं ताडून बघण्यासाठी एक प्रमाण प्रत ठरवलेली आहे,” उकल म्हणाली. “तिच्याशी मी तुझी प्रत अक्षर-अक्षर लावून बघते. कुठल्याही माणसाची घे, चाळीस-पन्नास लाख ठिकाणी अक्षरं वेगळी निघतात.”

“चाळीस लाख चुका?”

“चुका नव्हेत, फरक. कुणाचे केस कुरळे, कुणाला दूध पचत नाही. बहुतेक फरकांनी काहीच होत नाही. मला त्यांतून काळजीचे तेवढे निवडायचे असतात. मी चाळणी लावते. माझी सगळ्यात मोठी चाळणी आहे वारंवारतेची (एखादी गोष्ट किती जणांत आढळते त्याच्या प्रमाणाची). समज, एखादा बदल दर दहा माणसांत एकाला आहे आणि ती माणसं धडधाकट म्हातारी होतात. मग त्या बदलानं दुर्मीळ, भयंकर आजार होईल का?”

“नाही होणार. नाही तर दर दहांतला एक आजारी पडला असता.”

“म्हणून तसे बदल मी बाजूला काढते. उरतात ते विरळे. त्यांच्याकडे मी संशयानं बघते. तुझं अक्षर जगात दुसऱ्या कुणातच नाही, आणि बसलंय ते हृदयाच्या जनुकात. मग संशय वाढणारच.”

शर्वीला एक आठवलं. तिची खोलीतली मैत्रीण पालवी, नाशिकची. तिनं एकदा जेवताना आपला तक्ता दाखवला होता, आणि चाळणीतून उरलेले तिचे विरळे बदल एका पानात मावत होते. शर्वीचे मात्र पानामागून पानं उलटली तरी संपत नव्हते.

“उकल, पालवीच्या चाळणीत एवढंसंच उरलं. माझ्याच चाळणीत एवढा ढीग का? मी काय एवढी जगावेगळी आहे?”

“चांगला प्रश्न आहे. एखादा बदल विरळा आहे असं मी म्हणते, तेव्हा त्याचा खरा अर्थ एवढाच, की मी बघितलेल्या माणसांत तो विरळा आहे. पालवीच्या नात्यागोत्यातली, तिच्या भागातली पुष्कळ माणसं माझ्या संग्रहात आहेत. तुझा ढीग मोठा आहे, कारण तुझ्यासारखी माणसं मी बघितलेलीच नाहीत.”

“म्हणजे वेगळी मी नाही. तुलाच माहीत नाही!”

“तसं असू शकतं. तू आडबंदरची ना?”

आडबंदर म्हणजे खाडीकाठचं शर्वीचं गाव. तिथली सोयरीक खाडीवरच्या सात गावांपलीकडे सहसा जात नसे. पिढ्यान् पिढ्या लेकी या काठावरून त्या काठावर.

“आडबंदरहून माझ्याकडे नमुने आले होते,” उकल म्हणाली. “दोन वर्षांपूर्वी, गावभरच्या लोकांचे. पण ते काढून टाकावे लागले.”

“का?”

“त्यांच्यात माणूस सापडला नाही. सगळे नमुने नारळाचे निघाले.”

शर्वीनं त्याच दुपारी आजोबांना व्हिडिओ लावला. बाबांचे वडील, जयवंत मयेकर, सत्तरी ओलांडली तरी सरसर माडावर चढणारे. गावात त्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

“काय गो चेडवा, जेवलंस?”

“जेवलंय. आजो, गावात थुकी घेवक माणसां इल्ली, आठवता?”

आजोबा खो-खो हसायला लागले. “आठवता तर! पावण्याक नाय कसां म्हणतलंव? पण थुकी, नखां, केस परक्याच्या हातात दिवचे नाय, ह्यां तुका म्हायत आसा. करणी करूक तेवढांच पुरता. मगे मीच सगळ्यांका सांगलंय, नळयेत शहाळ्याचा पानी भरा. ती बिचारी आभार मानून गेली!”

पाहुण्याचं मन मोडायचं नाही आणि आपली थुंकीही द्यायची नाही! आडबंदरकरांनी दोन्ही साधलं होतं. आता शहाळ्याचं पाणी झालं म्हणून काय, त्याच्यातही नारळाच्या जनुकसंचाचे अंश असतातच. यंत्राला कोण फसवणार? पण हसताना आजोबांच्या लक्षात आलं, की नात हसत नाहीये.

“काय झाला गो?”

शर्वीनं सांगायला तोंड उघडलं आणि तिला रडूच आलं. एवढे दिवस ती रडली नव्हती. खिडकीशी बसूनही नाही, शिंपल्यांचा खण बंद करतानाही नाही.

शर्वीनं डॉक्टरताईंना शहाळ्याची गोष्ट सांगितली, आणि पुढच्या सुट्टीच्या दिवशी त्या तिला घेऊन शाळेच्या होडीनं आडबंदरला गेल्या. सोबत नळ्यांची पेटी होती आणि हृदयाची चित्रं काढायचं लहानसं यंत्र. जेटीवर गाव जमला होता. आजोबा सगळ्यांच्या पुढे हाताची घडी घालून उभे.

“डॉक्टर, राग मानू नकात,” ते म्हणाले. “माज्या रगताचो हिशेब परक्याच्या हातात कित्याक? उद्या कोण त्येचा काय करीत, म्हायत आसा?”

“प्रश्न अगदी बरोबर आहे, काका,” डॉक्टरताई म्हणाल्या. “तो विचारायलाच हवा. म्हणून नळीवर नाव नसतं, नुसती खूण असते. कुणात काय निघालं, ते ज्याचं त्यालाच कळतं. मलाही तुमच्या परवानगीशिवाय कळत नाही. आणि मन बदललं, तर तुमची नोंद पुसून मागता येते.”

आजोबांची घडी काही सुटेना. मागची माणसं त्यांच्याकडे बघत होती. शर्वीला वाटलं, संपलं. ती मान फिरवून खाडीकडे बघत राहिली. तिथं आडबंदरच्या होड्या ओळीनं उभ्या होत्या, आणि प्रत्येकीची डोलकाठी (शिडाचा उभा खांब) जराशी पुढे झुकलेली होती. खाडीच्या वाऱ्याला तशीच लागते.

ती पुढे झाली. “आजो, आपली एकच होडी परक्या बंदरात गेली, तर थयले लोक डोलकाठी बगून काय म्हणतले?”

“म्हणतले, मोडली.”

“आणि सगळ्या होड्यो गेल्यो तर?”

“मगे म्हणतले, ही आडबंदरची रीत आसा.” आजोबांच्या कपाळावर आठी आली. “पण ह्यां कित्याक इचारतंस?”

“उकल माजी डोलकाठी बगता आणि म्हणता, मोडली की रीत आसा, माका म्हायत नाय. कारण तिना आपली दुसरी होडी बगूकच नाय. आजो, तिच्या हिशेबात माका कोणच नाय. मी जगात एकटी.”

“एकटी?”

हा शब्द आजोबांना झोंबला. करणीच्या भीतीपेक्षाही तो मोठा निघाला. त्यांनी एकदा नातीकडे बघितलं, एकदा मागच्या गावाकडे. “सात गावांचा गोत आसताना माजी नात एकटी? आण गो ती नळी हकडे.”

आणि जयवंत मयेकरांनी, आयुष्यात पहिल्यांदा, परक्याच्या नळीत थुंकून दाखवलं. मग काय, मेंढरांमागून मेंढरं. सोसायटीचे चेअरमन आले, भजनी मंडळ आलं, पलीकडच्या काठावरून मामाकडचे होड्या वल्हवत आले. डॉक्टरताई म्हाताऱ्याकोताऱ्यांना फळीवर आडवं करून हृदयाची चित्रं काढत होत्या. एक आजी तर विचारत होत्या, माझं चित्र सुनेला देता येईल का, तिला वाटतं मला हृदयच नाही.

पुढचे दिवस जलशाळेत पुन्हा तसेच गेले. नमुने प्रयोगशाळेत होते, मुलं पाण्यात होती आणि शर्वी खिडकीशी. सत्र संपत आलं. रोज सकाळी ती पडद्याकडे जायची आणि रोज तिथं ‘एक’ असायचा. तिनं पेटी भरायला घेतली. शिंपले घ्यावेत की ठेवावेत, हे तिला ठरवता येईना.

आणि एका सकाळी ती ओळ बदलली होती.

‘हा बदल असलेल्या जगातल्या ज्ञात व्यक्ती : सत्तेचाळीस.’

शर्वीनं दोनदा वाचलं, बोट लावून वाचलं.

“सात गावांत दर आठ-नऊ माणसांमागे एकात हे अक्षर आहे,” उकल म्हणाली. “फार पूर्वी कुणा एकात ते आलं असेल आणि सोयरिकींतून खाडीभर पसरलं. ते ज्यांच्यात आहे त्यांतले कितीतरी जण सत्तरीपलीकडचे आहेत, आणि त्यांची हृदयं उत्तम आहेत. एवढ्या सर्रास आढळणारा बदल दुर्मीळ आजाराचं कारण असू शकत नाही. मी माझा निकाल बदलते आहे. ‘बहुधा निरुपद्रवी.’”

“बहुधाच?”

“उद्या मला आणखी माणसं भेटतील. मग मी आणखी खात्रीनं सांगेन. मला शिकवलं तेवढंच मला येतं, शर्वी. यावेळी तुझ्या गावानं शिकवलं.” मग ती म्हणाली, “आणखी एक सांगते. आज पहाटे एका दूरच्या बेटावरून कुणीतरी हेच अक्षर मला विचारलं. कोण, ते मी सांगू शकत नाही. पण त्या माणसाला ‘एक’ दिसला नाही, सत्तेचाळीस दिसले.”

शर्वी त्या अनोळखी माणसाचा विचार करत राहिली. कदाचित तिथंही एखादी खिडकी असेल.

डॉक्टरताईंनी सगळं पुन्हा तपासलं, यंत्र म्हणालं म्हणून मान डोलवायची त्यांची पद्धत नव्हती. मग त्यांनी परवानगी दिली. पहिल्या बुडीच्या दिवशी आजोबा आपली झुकलेल्या डोलकाठीची होडी घेऊन थेट शाळेला येऊन लागले. हातात शहाळं. या वेळी प्यायला.

शर्वी पोशाख चढवत होती. आजोबा तिच्याजवळ बसले. “चेडवा, एक सांगूचा होता. ज्येचा त्येकाच कळता, असा डॉक्टर म्हणालेले. माजा माका कळला.” त्यांनी घसा खाकरला. “तुजा तां अक्षर माज्यातय आसा.”

शर्वीनं मनात जुळवून बघितलं. आईत नाही. आजोबांत आहे. आपल्यात आहे.

“उकल,” ती हळूच म्हणाली, “मग बाबांची नोंद करता येईल? अठ्ठेचाळिसावी?”

“नमुन्याशिवाय मला नोंद करता येत नाही,” उकल म्हणाली. “पण आजोबांकडून तुझ्याकडे यायला त्या अक्षराला वाट एकच होती.”

बाबांना समुद्रानं का नेलं, ते उकललाही ठाऊक नव्हतं आणि ती तसं म्हणालीही. एवढंच कळलं होतं, की दोष या अक्षराचा नव्हता. ते अक्षर बाबांनी शर्वीला दिलं होतं आणि ते चांगलं होतं. आजोबांनी डोळे पुसले आणि शहाळ्याचं पाणी डोळ्यांत उडालं म्हणून सांगितलं. शर्वीनं ते खरं मानलं.

तिनं खणातून कोरी पट्टी काढली, टोकदार खिळ्यानं तिच्यावर सावकाश काहीतरी कोरलं आणि ती पाण्यात उतरली.

खाली फार शांत होतं. पालवी लांब कुठेतरी होती, वर आजोबा दोर धरून बसले होते, आणि कानात फक्त स्वतःच्या हृदयाचे ठोके. एवढी चौकशी होऊनही ते न रागावता आपलं काम करत होतं. शर्वीनं प्रवाळाचं रोप खडकाच्या खोबणीत बसवलं, हातानं दाबलं आणि पट्टी बांधली.

उकलला जी नोंद करता आली नव्हती, ती तिथं झाली. पट्टीवर लिहिलं होतं : सुयोग.